वेम्बली : गर्दीने घडवलेले मैदान

लंडनच्या वायव्येला, वेम्बली पार्कच्या चढावर आज इंग्लंडचे राष्ट्रीय फुटबॉल मैदान उभे आहे. त्या जागी मुळात एक मनोरा उभा राहायचा होता. मेट्रोपोलिटन रेल्वेचे अध्यक्ष सर एडवर्ड वॉटकिन यांनी पॅरिसच्या आयफेल टॉवरला उंचीत मागे टाकायचे ठरवले होते. सुट्टीच्या दिवशी लोकांनी आपल्या रेल्वेने शहराबाहेर यावे, तर तिथे बघण्याजोगे काहीतरी हवे, असा त्यांचा विचार. बाग झाली, स्टेशन झाले, मनोऱ्याचा पहिला टप्पाही झाला आणि १८९६ मध्ये तो लोकांसाठी उघडला. पुढे पाया खचू लागला, पैसा आटला आणि १९०७ मध्ये तो अर्धवट सांगाडा सुरुंग लावून पाडावा लागला. जवळजवळ शंभर वर्षांनी नव्या स्टेडियमसाठी जमीन खोल खणली, तेव्हा त्या मनोऱ्याचे काँक्रीटचे पाये पुन्हा उजेडात आले.

मनोरा गेला, पण स्टेशन राहिले. वेम्बलीचा पुढचा इतिहास म्हणजे या स्टेशनावर उतरून चालत आलेल्या माणसांचा इतिहास आहे. योजना आखणाऱ्यांनी एक ठरवावे आणि आलेल्या लोकांनी वेगळेच घडवावे, असे या जागेवर वारंवार घडले. राष्ट्रीय मैदान हा मान तिला सरकारी हुकमाने मिळालेला नाही. तो इथल्या गर्दीने दिला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि शंभर वर्षांचा आढावा घेताना मी तोच धागा धरून चालणार आहे.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनने आपल्या साम्राज्याचे एक भव्य प्रदर्शन भरवायचे ठरवले. वसाहतींचा माल, कारागिरी आणि उद्योग एकाच आवारात दाखवायचे, त्यात भारताचाही स्वतंत्र मंडप असायचा, आणि या साऱ्याच्या मध्यभागी एक प्रचंड क्रीडागार. त्याचे अधिकृत नावच होते ‘एम्पायर स्टेडियम’. वास्तुरचना जॉन सिम्पसन आणि मॅक्सवेल एर्टन यांची, अभियंता ओवेन विल्यम्स आणि बांधकाम सर रॉबर्ट मॅकअल्पाइन यांच्या कंपनीचे. प्रबलित काँक्रीटचा एवढा मोठा वापर त्या काळी नवा होता. साडेसात लाख पौंड खर्चून सुमारे ३०० दिवसांत काम पुरे झाले. दर्शनी भागी १२६ फूट उंचीचे दोन पांढरे घुमटदार मनोरे उभे राहिले. हे जुळे मनोरे पुढे पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ इंग्लिश फुटबॉलची ओळख बनून राहिले. गॅलऱ्या भार सोसतील की नाही हे पाहण्यासाठी सैनिकांची पलटण आणून त्यांना एकाच तालात पाय आपटायला लावले, असेही या बांधकामाच्या इतिहासात नोंदलेले आहे.

प्रदर्शन १९२४ मध्ये भरायचे होते. स्टेडियम मात्र एक वर्ष आधी तयार झाले आणि त्याचे पहिले काम ठरले एफए (फुटबॉल असोसिएशन) कपचा अंतिम सामना. दिवस २८ एप्रिल १९२३, संघ बोल्टन वाँडरर्स आणि वेस्ट हॅम युनायटेड. मैदान पूर्ण होऊन जेमतेम चार दिवस झाले होते.

या दिवसाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण वेम्बलीचा स्वभाव त्याच दिवशी ठरला. सव्वा लाख माणसांची सोय केली होती. आयोजकांना वाटले, एवढे मोठे मैदान काही भरणार नाही, म्हणून बहुसंख्य जागांसाठी आगाऊ तिकीट ठेवले नव्हते. दाराशी पैसे द्या आणि आत या. हवा छान होती, वेस्ट हॅम लंडनचाच क्लब होता आणि नवे स्टेडियम बघायची उत्सुकता साऱ्या शहराला होती. दुपारी दरवाजे बंद केले तरी लोक येतच राहिले. भिंतींवरून, फाटकांवरून चढून आत उतरले. अधिकृत नोंद १,२६,०४७ प्रेक्षकांची आहे. प्रत्यक्षात दोन लाखांच्या वर माणसे होती, असे अंदाज आहेत. गॅलऱ्यांत मावेनात म्हणून माणसे मैदानात सांडली आणि थोड्याच वेळात हिरवळ दिसेनाशी झाली. राजे पंचम जॉर्ज आपल्या जागी येऊन बसले होते आणि समोर खेळायला जागाच नव्हती.

घोडेस्वार पोलीस बोलावले गेले. त्यांतला एक शिपाई जॉर्ज स्कोरी आणि त्याचा घोडा बिली. बिलीचा रंग करडा होता, पण त्या काळच्या चित्रफितीत तो पांढराशुभ्र दिसतो, म्हणून हा सामना ‘पांढऱ्या घोड्याचा अंतिम सामना’ याच नावाने लोकांच्या लक्षात राहिला. स्कोरी मैदानाच्या मध्यापासून गोल फिरत फिरत माणसांना मागे सारत गेला. लाठी चालवली नाही, घोडा अंगावर घातला नाही. लोकांनी हात धरून साखळ्या केल्या आणि पायापायाने मागे सरकले. पाऊण तास उशिरा सामना सुरू झाला तेव्हा प्रेक्षक थेट सीमारेषेवर उभे होते. दुसऱ्याच मिनिटाला बोल्टनच्या डेव्हिड जॅकने वेम्बलीवरचा पहिला गोल केला, आणि तो चेंडू जाळीला टेकून उभ्या असलेल्या प्रेक्षकावर जाऊन आदळला. त्या वेळी वेस्ट हॅमचा एक खेळाडू थ्रो-इन घेतल्यावर गर्दीतच अडकून पडला होता. मध्यंतरात संघांना विश्रांतिकक्षापर्यंत जाता येईना, म्हणून ते मैदानातच थांबले. बोल्टनने २-० ने कप जिंकला. शेकडो माणसांना खरचटले, मुका मार बसला, पण त्या दोन लाखांत एकही जीव गेला नाही.

हे नुसते दैव नव्हते. लोकांनी एकमेकांना सांभाळून घेतले म्हणून तो दिवस निभावला. पुढच्या वर्षापासून अंतिम सामन्याला आगाऊ तिकीट सक्तीचे झाले. स्कोरीला स्वतःला फुटबॉलची आवड नव्हती, पण आज वेम्बली स्टेडियमच्या स्टेशनाजवळच्या पादचारी पुलाचे नाव ‘व्हाइट हॉर्स ब्रिज’ आहे, आणि ते लोकांच्या मतांनी निवडले गेले आहे.

साम्राज्य प्रदर्शन २३ एप्रिल १९२४ रोजी याच स्टेडियमवर सुरू झाले. राजाचे उद्घाटनाचे भाषण बीबीसीने रेडिओवरून ऐकवले. ब्रिटिश राजाचा आवाज नभोवाणीवरून जनतेपर्यंत जाण्याचा तो पहिला प्रसंग. दोन हंगामांत मिळून सुमारे २ कोटी ७० लाख लोकांनी प्रदर्शन पाहिले, तरीही हिशेबात तोटाच आला. मंडप विकले गेले, पाडले गेले, आणि वर्षातून मोजके सामने होणारे हे अवाढव्य क्रीडागार कोणालाच परवडेना. तेही पाडायच्या गोष्टी सुरू झाल्या.

ते वाचवले आर्थर एल्विन या माणसाने. प्रदर्शनाच्या काळात तो आवारातल्या सिगारेट-तंबाखूच्या दुकानावर काम करत होता. पुढे त्याने स्वतःची दुकाने चालवली, प्रदर्शन संपल्यावर इमारती पाडून भंगार विकण्याचे ठेके घेतले आणि अखेर पैसे उभे करून स्टेडियमच घेतले. १९२७ च्या डिसेंबरात त्याने इथे ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती सुरू केल्या. आठवड्यातून अनेक रात्री कामगार वस्तीतले लोक पैज लावायला येऊ लागले आणि मैदानाचा खर्च निघू लागला. पुढे मोटरसायकलींची स्पीडवे आली, रग्बी लीगचा अंतिम सामना आला. फुटबॉलचे तीर्थ म्हणून ज्या वास्तूचे नाव जगभर झाले, ती तीसेक वर्षे मुख्यतः शर्यतींच्या उत्पन्नावर तगली. इतिहास लिहिणारे हा भाग दोन ओळींत उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. एल्विन नसता तर १९३० पर्यंत वेम्बलीचे नावही उरले नसते.

याच काळात दोन सामन्यांनी मैदानाची कीर्ती इंग्लंडबाहेर नेली. १९२७ मध्ये वेल्सच्या कार्डिफ सिटीने आर्सेनलला हरवून एफए कप नेला. इंग्लंडबाहेरच्या क्लबने हा कप जिंकल्याचे ते आजवरचे एकमेव उदाहरण. दुसऱ्या वर्षी स्कॉटलंडने इंग्लंडला ५-१ असे लोळवले. तो संघ ‘वेम्बलीचे जादूगार’ या नावाने स्कॉटलंडमध्ये अजून ओळखला जातो. पाहुण्याने यावे आणि यजमानाला धडा शिकवून जावे, ही रीत इथे सुरुवातीपासूनच पडली.

त्या रीतीतला आपल्या दृष्टीने सर्वांत मोठा दिवस १२ ऑगस्ट १९४८ चा. युद्धानंतरचे पहिले ऑलिंपिक लंडनला भरले आणि मुख्य मैदान वेम्बलीच होते. ब्रिटनमध्ये तेव्हा अन्नाचे रेशन होते, नवी बांधकामे करायला पैसा नव्हता. ग्रेहाउंडचा मार्ग झाकून त्यावर घाईने धावण्याचा ट्रॅक घातला. स्टेशनपासून मैदानापर्यंतचा सरळ रुंद रस्ता, म्हणजे आजचा ‘ऑलिंपिक वे’, त्याच वेळी तयार झाला आणि त्याच्या कामाला जर्मन युद्धकैद्यांचेही हात लागले. फॅनी ब्लँकर्स-कोएन या दोन मुलांच्या आईने इथे चार सुवर्णपदके जिंकली. एमिल झाटोपेकने दहा हजार मीटरची शर्यत जिंकली. उद्घाटनाच्या संचलनात स्वतंत्र भारताचा तिरंगा घेऊन चालला तो आपल्या फुटबॉल संघाचा कर्णधार, नागा डोंगरांतून आलेला तालिमेरेन आओ.

आपला फुटबॉल संघ वेम्बलीवर खेळला नाही. त्याचा फ्रान्सशी सामना इलफर्डच्या छोट्या मैदानावर झाला आणि बहुतेक अनवाणी खेळलेले आपले खेळाडू २-१ ने हरले. हॉकी संघ मात्र अंतिम फेरीत पोहोचला आणि समोर ग्रेट ब्रिटन होता. १९२८, १९३२ आणि १९३६ या तीन ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीचे सुवर्ण जिंकले, पण त्या तिन्ही वेळी ब्रिटनने हॉकीचा संघच उतरवला नव्हता. ऑलिंपिकमध्ये राज्यकर्ता देश आणि त्याच्या ताब्यातून नुकताच सुटलेला देश पहिल्यांदाच समोरासमोर येत होते, तेही ‘एम्पायर’ नावाच्या मैदानावर.

मैदान ओले आणि जड झाले होते. अशा जमिनीवर भारतीय हॉकीचे झटपट पास चालणार नाहीत, असे अनेकांना वाटत होते. किशनलाल कर्णधार होते, के. डी. सिंग ‘बाबू’ उपकर्णधार. बलबीर सिंग यांनी दोन, तर त्रिलोचन सिंग आणि पॅट्रिक जॅन्सन यांनी एकेक गोल केला. मुंबईचे लिओ पिंटो गोलरक्षक होते आणि त्यांनी एकही गोल होऊ दिला नाही. भारत ४, ग्रेट ब्रिटन ०. मुंबईच्या हॉकी मैदानांवर घडलेले वॉल्टर डिसूझा, मॅक्सी वाझ यांच्यासारखे खेळाडूही या संघात होते. स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनाला तीन दिवस उरले असताना वेम्बलीवर तिरंगा वर चढला. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधले ते पहिले सुवर्णपदक. याच ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव अर्ल्स कोर्टच्या सभागृहात कुस्ती खेळून सहावे आले होते. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्य मिळवले, त्याची पहिली तालीम लंडनला झाली.

वेम्बलीच्या इंग्रजी इतिहासांत १९४८ ची हॉकी अंतिम लढत फारशी ठळक नसते. इंग्रजांच्या मनात पन्नासचे दशक उजळते ते १९५३ ने. त्या वर्षीच्या मे महिन्यात अडतीस वर्षांच्या स्टॅनली मॅथ्यूजने ब्लॅकपूलला ३-१ अशा पिछाडीवरून ४-३ असा कप मिळवून दिला. हॅट-ट्रिक खरे तर त्याचा सहकारी मॉर्टेन्सन याची होती, पण सामना मॅथ्यूजच्या नावाने ओळखला जातो. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला हंगेरी आली. पहिल्याच मिनिटात हिडेगकुटीने गोल केला, पुश्काशने तळव्याने चेंडू मागे ओढून इंग्लंडच्या कर्णधाराला चकवले आणि मग मारलेला गोल आजही प्रशिक्षक मुलांना दाखवतात. निकाल ६-३. युरोप खंडातल्या कोणत्याही संघाकडून इंग्लंड घरच्या मैदानावर त्याआधी हरले नव्हते. फुटबॉलचा शोध आपण लावला, तेव्हा त्यात शिकण्यासारखे आता काही उरलेले नाही, हा समज त्या दुपारी मोडला. इंग्लंडला १९६६ चा विश्वचषक मिळाला त्याचे बीज मला या पराभवात दिसते.

१९६३ मध्ये सर्व गॅलऱ्यांवर छप्पर आले. तीन वर्षांनी, ३० जुलै १९६६ रोजी, ९६,९२४ प्रेक्षकांसमोर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने पश्चिम जर्मनीला जादा वेळेत ४-२ ने हरवले. जेफ हर्स्टचा तो आडव्या खांबाला लागून खाली पडलेला चेंडू रेषेच्या आत गेला की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. गोल मान्य करणारे रेषापंच तोफिक बहरामोव अझरबैजानचे, आणि बाकूमधल्या मोठ्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले आहे. कर्णधार बॉबी मूर ३९ पायऱ्या चढून राणीपुढे गेला आणि तिच्या पांढऱ्या हातमोज्यांना चिखल लागू नये म्हणून आधी त्याने आपले हात पुसले. त्याच विश्वचषकातला उरुग्वे-फ्रान्स सामना मात्र व्हाइट सिटी मैदानावर हलवावा लागला, कारण त्या रात्री वेम्बलीवर ग्रेहाउंडच्या शर्यती ठरलेल्या होत्या आणि मालक त्या रद्द करायला तयार झाले नाहीत.

पुढची वीस वर्षे मी भरभर ओलांडतो. युरोपियन कप इथे मँचेस्टर युनायटेडने उचलला, आयाक्सने उचलला, लिव्हरपूलने उचलला. १३ जुलै १९८५ रोजी मात्र थांबायला हवे. इथियोपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’ मैफलीला सुमारे ७२ हजार माणसे आली होती. क्वीन या बँडच्या फ्रेडी मर्क्युरीने जेमतेम वीस मिनिटांत ते सारे मैदान आपल्या हाताच्या इशाऱ्यावर टाळ्या वाजवायला लावले. हा फ्रेडी म्हणजे फारोख बलसारा, आणि त्याचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले होते. त्याचा पहिला बँडही त्याच शाळेत जमला. एप्रिल १९९० मध्ये नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटल्यावर दोन महिन्यांत इथे आले आणि लोकांनी उभे राहून त्यांचे स्वागत केले. साम्राज्याच्या गौरवासाठी बांधलेल्या मैदानाचा तो सर्वांत मोठा सन्मान होता असे मी मानतो.

हिल्सबरो मैदानावरील १९८९ च्या जीवघेण्या चेंगराचेंगरीनंतर इंग्लंडच्या मोठ्या स्टेडियमांमधली उभी गॅलरी गेली आणि प्रत्येकाला खुर्ची मिळाली. वेम्बलीही बदलले, पण म्हातारपण लपत नव्हते. खांब नजरेच्या आड येत, शर्यतीच्या मार्गामुळे प्रेक्षक मैदानापासून दूर पडत, स्वच्छतागृहे अपुरी होती. शेवटचा सामना ७ ऑक्टोबर २००० रोजी पावसात झाला. जर्मनीच्या डीटमार हामानने फ्री किकवर गोल केला, इंग्लंड ०-१ ने हरले आणि प्रशिक्षक केव्हिन कीगन यांनी सामना संपताच राजीनामा दिला.

जुळे मनोरे वारसा यादीत होते, तरी ते वाचले नाहीत. २००२ मध्ये पाडकाम सुरू झाले आणि पुढच्या वर्षी मनोरे जमीनदोस्त झाले. एक तरी मनोरा जागेवर ठेवायला हवा होता, असे मला आजही वाटते. एका मनोऱ्याचा काँक्रीटचा माथा जवळच्या सेंट राफेल वसाहतीतल्या उद्यानात नेऊन ठेवला आहे. राडारोड्यातला काही भाग नॉर्थोल्टच्या नॉर्थाला फील्ड्स बागेतल्या चार टेकड्यांमध्ये भरला गेला. तिथे मुले पतंग उडवतात, आणि त्यांच्या पायाखाली वेम्बलीच्या जुन्या गॅलऱ्या आहेत.

नवे स्टेडियम फॉस्टर अँड पार्टनर्स आणि एचओके स्पोर्ट यांनी आखले, ऑस्ट्रेलियाच्या मल्टिप्लेक्स कंपनीने बांधले. खर्च सुमारे ८० कोटी पौंडांवर गेला, मुदती हुकल्या, २००१ ते २००६ चे एफए कप अंतिम सामने कार्डिफला न्यावे लागले. २००७ मध्ये ते खुले झाले. क्षमता ९० हजार. मनोऱ्यांच्या जागी आता १३० मीटरहून उंच आणि ३१५ मीटर लांबीची पांढरी पोलादी कमान आहे. ती केवळ शोभेची नाही. उत्तरेकडचे सगळे छप्पर आणि दक्षिणेकडचा बराचसा भाग तिच्यावर तोललेला आहे, आणि म्हणूनच आत एकही खांब नाही. छताचे काही भाग सरकतात, पण मैदान पूर्ण झाकले जात नाही, कारण हिरवळीला ऊन आणि वारा हवा. त्या हिरवळीने सुरुवातीला फार त्रास दिला, पुन्हा पुन्हा घालावी लागली. २०१० मध्ये गवतात कृत्रिम धागे विणण्याची पद्धत आणल्यावर ती स्थिरावली. आता इथल्या साध्या खुर्चीपुढेही जुन्या रॉयल बॉक्सपेक्षा अधिक पाय पसरायला जागा आहे. स्वच्छतागृहे २,६१८.

बघायला जाणाऱ्याने शक्य तर वेम्बली पार्क स्टेशनावरच उतरावे. पायऱ्यांवर आल्याबरोबर समोर सरळ ऑलिंपिक वे आणि त्याच्या टोकाला कमान दिसते. दहा मिनिटांची ती चाल सामन्याइतकीच महत्त्वाची आहे. मफलर विकणारे, आजोबांच्या खांद्यावर बसलेली पोरे, एकमेकांच्या विरोधी संघांचे रंग लावून एकाच गाडीतून उतरलेले मित्र, आणि वाटेत पोलिसांचे घोडे. टोकाला पायऱ्या चढून गेले की बॉबी मूरचा भव्य ब्राँझ पुतळा आहे. मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, दारूचा ग्लास घेऊन जागेवर बसता येत नाही. हा इंग्लंडचा फुटबॉलपुरता कायदाच आहे. सामना संपल्यावर स्टेशनाशी गर्दी टप्प्याटप्प्याने सोडतात. तिथे घाई करू नये. १९२३ ची आठवण या शहराने नीट जपली आहे.

सामना नसेल त्या दिवशी मार्गदर्शकासह आतली फेरी घेता येते, आणि मुलांना ती सामन्याहूनही अधिक आवडते. खेळाडूंच्या कक्षात टांगलेले शर्ट, पत्रकारांची खोली, मग बोगदा. जुन्या वेम्बलीत खेळाडू एका टोकाकडून, गोलच्या मागून बाहेर येत. आताचा बोगदा मध्यरेषेपाशी उघडतो. रॉयल बॉक्सपर्यंत आता १०७ पायऱ्या आहेत आणि त्या चढून गेल्यावर कपची प्रतिकृती हातात घेऊन फोटो काढता येतो. १९६६ च्या अंतिम सामन्यातला तो आडवा खांबही जपून ठेवलेला आहे. त्यापुढे उभे राहून वडील-मुलगे अजून वाद घालतात. हिरवळीवर मात्र पाऊल ठेवू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

भूक लागली तर ईलिंग रोड दूर नाही. गुजराती फरसाण आणि दाक्षिणात्य डोसा यांची दुकाने तिथे रांगेने आहेत. वेम्बली ज्या ब्रेंट बरोमध्ये येते, त्याच बरोत डॉलिस हिलला लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. मंडळाची स्थापना १९३२ ची, म्हणजे स्टेडियम नऊ वर्षांचे असतानाची. युद्धानंतर भारतातून आणि पूर्व आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांनी या परिसराचा चेहराच बदलला. २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या स्वागताला हजारो भारतीय याच स्टेडियमवर जमले होते.

दोन अलीकडच्या दिवसांची नोंद इथे केलीच पाहिजे. ११ जुलै २०२१ रोजी युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्याला सुमारे दोन हजार माणसे तिकिटाशिवाय, दरवाजे फोडून आणि इतरांना तुडवत आत घुसली. इंग्लंड पेनल्टीवर इटलीकडून हरले आणि पेनल्टी हुकलेल्या तीन कृष्णवर्णीय तरुण खेळाडूंना वंशद्वेषी शिव्या खाव्या लागल्या. नंतरच्या चौकशीत स्पष्ट झाले की त्या दिवशी माणसे मरू शकली असती. १९२३ ची गर्दी त्या दिवसाच्या गर्दीहून कितीतरी मोठी होती आणि तिने स्वतःला आवरले होते. हा फरक झाकून स्टेडियमचा गौरव करणे मला मान्य नाही.

सुमारे एक वर्षाने, ३१ जुलै २०२२ रोजी, महिलांच्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना झाला. १९२१ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी घातली होती, आणि ती जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. वेम्बली जन्माला आले तेव्हा ही बंदी लागू होती. त्या मैदानावर ८७,१९२ माणसे बायकांचा खेळ पाहायला आली. तोवरच्या युरो अंतिम स्पर्धांत, पुरुषांच्या धरूनही, एवढी प्रेक्षकसंख्या एकाही सामन्याला लाभली नव्हती. क्लोई केलीने जादा वेळेत विजयी गोल केला आणि इंग्लंडने जर्मनीला २-१ ने हरवले. प्रेक्षागृहात मुली होत्या, त्यांच्या आया होत्या, आज्याही होत्या. स्टेडियमबाहेर एकही दरवाजा तुटला नाही.

मालकीचाही शेवटी एक शब्द. फुटबॉल असोसिएशनने १९९९ मध्ये हे मैदान विकत घेतले. २०१८ मध्ये फुलहॅम क्लबचे मालक शाहिद खान यांनी सुमारे ६० कोटी पौंड देऊ केले होते. त्या पैशातून गावोगावची मैदाने सुधारता आली असती, हा युक्तिवाद खोटा नव्हता. पण विरोध वाढला आणि खान यांनीच प्रस्ताव मागे घेतला. झाले ते बरे झाले. एखाद्या देशाच्या खेळाचे घर एका माणसाच्या वहीत जमा असू नये.

लंडनला जाणाऱ्या, तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांना एकच विनंती आहे. आतली फेरी घ्याल तेव्हा मार्गदर्शकाला १२ ऑगस्ट १९४८ च्या हॉकी सामन्याबद्दल आवर्जून विचारा. त्याला माहीत असेल तर त्याच्याकडून ऐका. नसेल तर किशनलाल, बलबीर सिंग आणि लिओ पिंटो यांची नावे त्याला आणि बरोबरच्या मुलांना तुम्ही सांगा.